काळ्या धाग्याची बाटली

ज्यांच्या घरात एकाहून जास्त माणसं डोळ्यांत थेंब घालतात, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. मी डॉक्टर नाही. वसई तालुक्यात, राजोडीच्या अलीकडच्या एका गावात मराठी शाळेतली बाई होते. आजार माझा होता, औषध माझ्या सासूचं होतं आणि नुकसान झालं तेही तिचंच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्या बरं होण्याची वाट बघत बसायला नको. मी बरी झाले, पण त्या बरं होण्याचा आनंद मला कधी धड करता आला नाही.

वाळू

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका उन्हाळ्यात डोळ्यांत खुपायला लागलं. समुद्र जवळ, वाऱ्याबरोबर वाळू उडते, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. मीही पदराचं टोक फुंकरीनं गरम करून डोळ्यांना लावत राहिले. मग पावसाळा आला, वाळू बसली, पण माझ्या डोळ्यांतली उठलेलीच राहिली. सकाळी पापण्या बुबुळांना चिकटलेल्या असायच्या. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की खडूची पूड डोळ्यांत भरल्यासारखी वाटायची. डोळे सदा लाल. शाळेतल्या बाकीच्या बाया हसायच्या, "काय हो सिसिलबाई, रात्रभर रडलात की मिस्टरांना रडवलंत?"

उपाय सांगायला आमच्या गावात वैद्य लागत नाही. गुलाबपाणी झालं, धन्याचं पाणी झालं. शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, तिचं दूध कापसावर घेऊन डोळ्यांत पिळून झालं. त्या बिचारीनं लाजत लाजत वाटी पुढं केली होती, म्हणून नाही म्हणवेना.

हळूहळू तोंडही कोरडं पडायला लागलं. भाकरीचा घास पाण्याशिवाय खाली उतरेना. घरात त्याचं फारसं अडत नव्हतं, अडलं ते रविवारी देवळात. आमचं देऊळ म्हणजे चर्च. मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या मुख्य उपासनेच्या वेळी फादर जिभेवर ख्रिस्तशरीर ठेवतात, पापडासारखी पातळ चकती. ती माझ्या टाळूला जी चिकटायची ती सुटायची नाही. बोट लावायची सोय नाही, चावायची पद्धत नाही. आणि सकाळपासून पाण्याचा घोटही घेतलेला नसायचा, कारण ख्रिस्तशरीर घ्यायच्या आधी मध्यरात्रीपासून निर्जळी उपास करायचा, हा आमच्या घरातला नियम. शेवटी मी रांगेत उभं राहणंच सोडलं.

बायकांच्या नजरेतून हे सुटतं होय? जी बाई रांगेत जात नाही तिच्या हातून काहीतरी मोठं पाप घडलेलं असणार, असं आपोआप ठरतं. माझ्या सासूनं मात्र पाठीमागं कुजबुज केली नाही. तिनं मला ओट्यावर बसवून तोंडावर विचारलं.

"काय पाप केलास गो? सांग मना. मी कोनाला नाय सांगनार."

आमच्यात सासूला अहोजाहो करत नाहीत. ती आय, आणि तिला तू म्हणायचं. आमची घरची बोली जशीच्या तशी लिहिली तर बाहेरच्याला कळायची नाही, म्हणून थोडी वळवून लिहिते आहे.

मी म्हटलं, "पाप नाही आय, तोंडाला पाणी नाही. ते टाळूला चिकटतं."

ती पायांत चपला न घालताच उठून गेली ती थेट फादरांकडं. परत आली तेव्हा रागानं लाल झालेली. पाण्यानं उपास मोडत नाही, हा नियम केव्हाच बदलला, असं फादरांनी तिला हसत सांगितलं होतं. "इतकी वर्सा तहानेनं मेलो आमी, आनि ह्यांनी सांगितला पन नाय!" ती म्हणाली. फादर कदाचित दर वर्षी सांगत असतील, पण आय ऐकायचं सोडून जपमाळ ओढत असायची. पुढच्या रविवारी ती माझ्यासाठी पाण्याची बाटली पिशवीत घालून स्वतः घेऊन आली, आणि रांगेत जायच्या आधी सगळ्यांदेखत मला घोट घ्यायला लावला.

माझी सासू अशी होती, हे पुढचं समजायला उपयोगी पडेल.

टीपकागद

माझे मिस्टर पास्कल दादरजवळच्या एका कचेरीत नोकरीला होते. आयला काचबिंदू होता आणि तिला ते दादरच्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेत असत. एका खेपेला मीही बरोबर गेले.

डॉक्टरांनी टीपकागदाच्या दोन बारीक पट्ट्या काढल्या आणि त्यांची टोकं दुमडून माझ्या खालच्या पापण्यांत अडकवली. डोळे मिटून बसायला सांगितलं. साध्या माणसाची पट्टी भराभर ओली होते म्हणे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर आय बसली होती. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून ती पास्कलना सारखी विचारत होती, "भिजली काय रे? भिजली?" ते काहीच बोलत नव्हते. त्यावरून मला कळलं.

"बाई, तुमच्या डोळ्यांत पाणी तयारच होत नाही," डॉक्टर म्हणाले. पट्ट्या त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. नुकत्या वहीतून फाडल्यासारख्या कोरड्या होत्या.

मी विचारलं, "मी आंधळी होईन का?" चौथीचा वर्ग, दोन मुलं, निम्मं फेडलेलं घराचं कर्ज, सगळं त्या प्रश्नात होतं. डॉक्टर म्हणाले, काळजी घेतली तर नाही. पण डोळा कोरडा राहू दिला तर बुबुळाला जखमा होतील आणि मग काही सांगता येत नाही. ग्रंथी का सुकल्या ते त्यांना सांगता आलं नाही. बरं करणारं औषध नव्हतं. डोळे ओले ठेवायचे थेंब होते, ते जन्मभर घालायचे. कृत्रिम अश्रू, असं त्यांनी नाव सांगितलं.

"म्हंजे विकतचा रडू?" आयनं विचारलं. डॉक्टरसुद्धा हसले. घरी येईपर्यंत ती तेच घोळवत होती. "आता मी मेल्यावर दुकानातना पानी आनून रडशील तू." मी पण हसले. त्या दिवशी तिनं हसवलं नसतं तर मी कशी घरी पोचले असते कोण जाणे.

दोन बाटल्या

आता नीट लक्ष द्या.

आयच्या काचबिंदूसाठी जे थेंब होते त्यांचं नाव पायलोकार्पिन. डोळ्यांतला दाब कमी करण्यासाठी तेव्हा बहुतेकांना तेच देत. ते तिला झोंबायचे. घातले की भुवईच्या वर ठणका लागायचा आणि दिवे मंद झाल्यासारखे वाटायचे. "औशध हाय की मिरचीचा पानी?" म्हणून ती रोज कुरकुर करायची. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "यांची जी नजर गेली ती गेली. उरलेली राखायची असेल तर एक वेळही चुकवू नका." उरलेली नजर म्हणजे समोरचं माणूस ओळखण्यापुरती, माळेचे मणी दिसण्यापुरती आणि ताटातलं वेगळं ओळखण्यापुरती. तेवढ्यावर ती वाडीतल्या अळूची पानंसुद्धा खुडायची.

आमच्या दोघींचे थेंब घालायचं काम माझं. सकाळी शाळेत जायच्या आधी, शाळेतून आल्यावर आणि निजताना. ती खाटेवर उताणी निजायची, छताकडं बघायची, मी तिच्या डोळ्यांत थेंब सोडायची. मग आरशासमोर उभी राहून माझ्या डोळ्यांत. औषधवाल्यानं थंड जागी ठेवायला सांगितलं होतं. फ्रीज आमच्याकडं नव्हता. माठाखाली ओली वाळू घातलेलं घमेलं होतं, त्या वाळूत दोन्ही बाटल्या रोवून ठेवायच्या. दोन्ही सारख्याच, तपकिरी काचेच्या, रबरी टोपाच्या, आत पाण्यासारखं औषध. वाळूच्या ओलीनं दोन दिवसांत वरचा कागद सुटून यायचा.

म्हणून आयच्या बाटलीच्या गळ्याला मी काळा धागा बांधला. तिला दाखवून म्हटलं, "हे बघ आय, ही तुझी." ती बोटांनी चाचपून हसली. दर महिन्याला दोन्ही नव्या बाटल्या एकदमच आणायची, की मी आयच्या बाटलीला पुन्हा धागा बांधायची. आणि खरं सांगते, पहिले दोन दिवस कागद शाबूत असतानाही मी तो वाचत नव्हते. धागा होता ना, वाचायचं कशाला?

चांगले दिवस

त्या डिसेंबरात आयनं संत लुसीची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरली. संत लुसी आमच्यात डोळ्यांची कैवारी मानतात. माझ्या डोळ्यांसाठी धरली होती, स्वतःच्या नव्हे. रोज संध्याकाळी आल्ताराच्या, म्हणजे घरातल्या वेदीच्या फळीपुढं मेणबत्ती लावून ती गुडघे टेकायची, आणि उठताना खाटेचा आधार घेत माझ्या नावानं काहीतरी पुटपुटायची.

नाताळ उलटून गेल्यावर एका सकाळी मी उठले आणि पापण्या सहज उघडल्या. काही दिवसांनी फळ्यावर लिहिताना डोळा भरून आला, गालावर ओघळ आला, आणि मी खडू खाली ठेवून तशीच उभी राहिले. मुलांना वाटलं बाई रडतायत. पहिल्या बाकावरची एक मुलगी स्वतःच रडायला लागली. तोंडालाही पाणी सुटलं. सुकट भाजायचा वास आला आणि माझ्या तोंडात खरोखर लाळ आली, कितीतरी महिन्यांनी. त्या रविवारी पाण्याच्या घोटाशिवाय मी रांगेत उभी राहिले. आय मागच्या बाकावर बसून रडत होती.

थोडा त्रास होता. भुवयांच्या वर दुखायचं. मी म्हणायची, वह्या तपासून डोकं चढलं. संध्याकाळी घरात फार काळोख वाटायचा. मी विजेच्या नावानं बोटं मोडायची. व्होल्टेज तर आमच्याकडं तेव्हा नेहमीचंच कमी, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. आय मात्र म्हणायची, "नाय गो, आज उजेड बरा हाय." तिला उलट सगळं उजळ दिसायला लागलं होतं. थेंब झोंबत नव्हते, ठणका थांबला होता. "आता औशध चांगला यायला लागला," ती शेजारणींना सांगायची. "आमा दोगींना बी गुन आला."

दोघींनाही गुण आला म्हणून पास्कलनी फादरांना मिस्सासाठी पैसे दिले, आणि देवळात आमच्या कुटुंबाच्या नावानं आभाराची प्रार्थना झाली. त्या महिन्यांइतकं आमचं घर पुन्हा कधी हसतं झालं नाही. आज आठवलं की त्या हसण्याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

मार्चमध्ये आयच्या हातून बाजूला ठेवलेला तांब्या दोनदा लवंडला. वाडीत तिला केळीचा खुंट लागला. माझा धाकटा मुलगा डावीकडून आला की ती दचकायची. मी तिला म्हटलं, "वय झालं आय तुझं." तिनंही मान डोलावली.

टॉर्च

मे महिन्यात सुट्टी लागल्यावर मी माझे डोळे दाखवायला एकटीच दादरला गेले. खरं तर मिरवायलाच गेले होते. टीपकागदाची पट्टी या वेळी अर्ध्याहून जास्त भिजली. डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी टॉर्च माझ्या डोळ्यांवर मारला. दुसरा डोळा बघितला. खोलीतला दिवा घालवून पुन्हा बघितलं.

"कुठले थेंब घालता?"

"तुम्हीच दिलेले."

"बाटली आहे?"

पिशवीत होती. कागद नव्हता. त्यांनी ती उजेडाकडं धरली, हातात फिरवली.

"बाई, तुमच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या आहेत. मी दिलेल्या थेंबांनी असं होत नाही." मग आवाज अगदी हळू करून त्यांनी विचारलं, "घरी आईंच्या डोळ्यांत काय जातंय?"

मला आधी नीट कळलं नाही. नंतर एकदम कळलं. मी म्हणत राहिले, "पण मी धागा बांधते. मी धागा बांधते, डॉक्टर." ते बिचारे मान हलवत होते. धागा कसला हे त्यांना कसं कळणार? "उद्या सकाळीच त्यांना घेऊन या," एवढंच म्हणाले.

त्यांच्या दारातून बाहेर पडले तेव्हा माझे डोळे भरून वाहत होते. ते पाणी कुणाच्या औषधाचं हे आता मला माहीत होतं. मी ते पुसत सुटले.

"मीच बांधला"

घरी आले तेव्हा आय ओट्यावर शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी घमेल्यातली उरलेली बाटली काढली. तिच्या गळ्याला काळा धागा होता, आणि आत माझे विकतचे अश्रू. मी तिच्याजवळ खाली बसले.

"आय, या बाटलीला धागा कुणी बांधला?"

तिच्या चेहऱ्यावर हळूच हसू आलं. चोरी पकडली गेलेल्या पण चोरीचा अभिमान असलेल्या माणसाचं हसू.

"कळला काय तुना शेवटी? मीच बांधला."

"का?"

"का म्हंजे? कोनाची तरी नजर लागलीय तुज्या डोळ्यांना. इतक्या मोठ्या डोळ्यांची बाय, शाळेत जाते, सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. तू माज्या बाटलीला काळा धागा बांधलास, मना बरा वाटला. पन माज्या डोळ्यांना कोनाची नजर लागनार गो? मी म्हातारी. म्हनून सोडून तुज्या बाटलीला बांधला. तू नवीन बांधायचीस, की मी परत सोडायची." ती थोडी पुढं वाकली. "फादरांना नको सांगू. त्यांना धागेदोरे चालत नाय."

खूण म्हणून मी जो धागा बांधला होता तो तिनं दृष्टीचा धागा समजला होता. "ही तुझी" म्हणताना मी कशासाठी हे सांगितलंच नव्हतं. मला वाटलं होतं, त्यात सांगायचं काय आहे. आणि ती गुपचूप माझी दृष्ट काढावी तशी काळजी घेत होती, तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पास्कल कचेरीतून आले. त्यांना मी मागच्या दारी नेऊन सांगितलं. ते तरातरा आत निघाले, चेहरा असा की मी आडवी आले. "अहो, नको. तिला नका सांगू."

"अगं पण तिनंच..."

"तिनं माझ्यासाठी केलं. हे कळलं तर ती उरलेलं आयुष्य कसं काढेल?"

ते विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. शेवटी ठरलं की आयला एवढंच सांगायचं, दाब वाढलाय, दवाखान्यात जावं लागेल. आम्ही बरोबर केलं का, हे मला आजही ठरवता येत नाही. तिच्या डोळ्यांचं काय झालं हे कळण्याचा हक्क तिचाच होता. पण तेव्हा मला तो हक्क तिच्या हातात ठेववेना.

वॉर्ड

डॉक्टरांनी दाब मोजला आणि लगेच ऑपरेशन सांगितलं. मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात तिला ठेवलं. पहाटे फिनेलची बादली यायची, मग चहा, मग नर्स दाराशीच ओरडायची, "थेंब!" आणि सगळ्या खाटांवरच्या बाया एकदम उताण्या होऊन छताकडं बघायला लागायच्या. आयला त्याची फार गंमत वाटायची. "मिस्सा चालू झाली," ती म्हणायची.

नर्स प्रत्येक बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचायची आणि पेशंटकडून पुन्हा वदवून घ्यायची. एवढंसं काम. मी खाटेजवळ उभी राहून ते ऐकायची आणि नर्सबरोबर ते नाव मनातल्या मनात म्हणायची.

ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांना पट्टी आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. आय मला विचारायची, खिडकीतून काय दिसतं. मी सांगायची, समोरची भिंत. "तरी पन सांग," ती म्हणायची. मग मी भिंतीवरच्या ओलीचे डाग सांगायची, त्यावर बसलेलं कबुतर सांगायची.

शेजारच्या खाटेवर चांदीप गावची एक भातशेतीवाली होती, मोतीबिंदूची. तिची पट्टी निघाली तेव्हा ती खाटेवर उठून बसली आणि आयकडं बघून म्हणाली, "अग बाय, तू इतकी काळी हायस होय!" सारा वॉर्ड हसला. आय सगळ्यांत जास्त हसली आणि पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी तिच्याकडं हात करून म्हणाली, "देवानं दिला तुना, बरा झाला." मी मात्र त्या बाईला बरं म्हटलं नाही. माझ्या मनात तिच्याविषयी मत्सर आला होता, लिहायला लाज वाटते पण आला होता. दुसऱ्या दिवशी जाताना ती आपल्या डब्यातली नाचणीची भाकरी आयच्या उशाशी ठेवून गेली.

आयची पट्टी निघाली. दाब उतरला होता. उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, डाव्याला तेही नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं, "थेंब चालू असते तरी वाचली असती असं छातीठोक सांगता येत नाही. आधीच फार थोडी उरली होती." ते चांगुलपणानं बोलले. पण मला माहीत आहे की नाताळात ती अळूची पानं खुडत होती.

गाल

त्याच दिवशी त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. कोरड्या डोळ्यांना हे थेंब सहसा देत नाहीत. पण माझ्या ग्रंथी पुरत्या मेल्या नव्हत्या आणि या औषधानं त्या जाग्या होत होत्या, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. कमी ताकदीचे थेंब, त्यांच्या देखरेखीखाली, चालू ठेवता आले असते. मी नको म्हटलं. त्या औषधाचं नावही मला सोसत नव्हतं.

आठवड्याभरात वाळू परत आली.

आमच्यात संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली की लहानांनी मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचा. आयला आता दिसत नव्हतं म्हणून ती डोक्यावरून हात खाली आणून सगळ्यांची तोंडं चाचपायची. मुलांची नाकं ओढायची. माझ्या डोळ्यांखाली हात आला की तिचा अंगठा थांबायचा.

"कोरडे?" एकदा तिनं विचारलं. "परत कोरडे झाले?"

मी काहीतरी कारण सांगितलं. पण ती जेवायला उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी ताट घेऊन जवळ बसले तेव्हा म्हणाली, "मी धागा बांधला, म्हनून देव कोपला गो. माजे डोळे घेतले, ते घेऊ दे. पन तुजा पानी कशाला घेतला?"

मी दादरला गेले आणि ते कमी ताकदीचे थेंब लिहून आणले. नवी बाटली आली तिच्यावरचं नाव मी आता रोज मोठ्यानं वाचते, घरात एकटी असले तरी. तुम्हीही वाचा. दुसऱ्याची बाटली स्वतःच्या डोळ्यांना लावू नका, मला गुण आला म्हणून तर मुळीच नका. खूण करायची असेल तर ती कशाची हे घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला नीट समजावून सांगा, आणि त्यांना काय कळलं ते त्यांच्या तोंडून ऐका.

आय त्यानंतर बरीच वर्षं होती. जेवायला लागली. गावात सगळ्यांना सांगायची की सुनेचे डोळे तिनं ओले केले. कसे, ते सांगायची नाही, फादरांच्या कानावर जाईल म्हणून. रोज संध्याकाळी तिचा अंगठा माझ्या डोळ्यांखाली यायचा आणि ओल लागली की ती समाधानानं मान हलवायची.

एका संध्याकाळी रोझरी म्हणताना मी तिच्याकडं बघत होते. मेणबत्ती तिच्या अगदी तोंडासमोर होती आणि मेणबत्ती लागली का, असं आय धाकट्याला विचारत होती; उजव्या डोळ्याला कळणारा उजेडही आता गेला होता. प्रार्थना संपली, मी आशीर्वादाला वाकले. तिनं अंगठा फिरवला, मग पूर्ण तळवा लावला, मग दुसरा हातही.

"बघ, किती पानी!" ती पास्कलना हाक मारून म्हणाली. "हात भिजला माजा. आज थेंबांचा गुन बघ कसा आलाय!"

"हो आय," मी म्हटलं.

त्या संध्याकाळचे थेंब मी अजून घातले नव्हते.